ऑरेलियाच्या भिंती

परतूरच्या माणसाने चोवीस वर्षं समुद्रावर सुतारकाम केलं असं सांगितलं की लोक आधी हसतात. जहाज तर लोखंडाचं, तिथे सुताराचं काय काम? मीही हसलो होतो. मला लिहिण्याची सवय नाही. नोकरीभर तिकिटं आणि पार्सलच्या पावत्या, एवढंच काय ते लिहिलं. तेव्हा कुठे मागेपुढे झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण कल्याण पांचाळ यांच्या बाबतीत जे घडलं ते कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि मी वाट पाहिली तरी दुसऱ्या कुणी लिहिलं नाही.

मी परतूर स्टेशनावर बुकिंगला होतो. १९९७ साली एक तेवीस वर्षांचा पोरगा हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन खिडकीशी आला आणि मुंबईचं तिकीट मागितलं.

"जाऊन-येऊन का?" मी विचारलं.

"येण्याचं नऊ महिन्यांनी काढीन, बाबूजी. जहाजावर चाललो."

माझ्यामागे बसलेला पार्सल क्लार्क मोठ्याने हसला, "दुधना नदीतून जातो का रं?" पोराने हसून पैसे मोजले आणि गेला. नऊ महिन्यांनी खरोखरच परत आला. मग दर वर्षी हेच, नऊ महिने समुद्र आणि तीन महिने परतूर. मी रिटायर झालो तरी जाताना तो घरी येऊन सांगून जायचा. हळूहळू मी त्याला अहो-जाहो करू लागलो आणि त्याच्याकडून ते जहाज मला तोंडपाठ झालं.

जहाजाचं नाव ऑरेलिया. युरोपातल्या एका गोदीत १९७९ साली बांधलेलं. अकरा मजले, तीनशे ऐंशी खोल्या, पोहण्याचा हौद, नाचाचा हॉल, चार ठिकाणी जेवणघर. उन्हाळ्यात उत्तरेकडे जाऊन प्रवाशांना बर्फाचे डोंगर दाखवायचं आणि थंडीत गरम बेटांकडे न्यायचं. प्रवासी बहुतेक म्हातारे, पेन्शनवाले गोरे. जहाज रात्रंदिवस हलतं, त्यामुळे दारं घट्ट होतात, कपाटं आपोआप उघडतात, सांधे कुरकुरतात. अशा जहाजावर सुताराला उसंत नसते. इव्हो नावाचा एक क्रोएशियाचा म्हातारा मिस्त्री होता आणि त्याच्या हाताखाली कल्याणराव.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक गोष्ट झाली. सहाव्या मजल्यावरच्या एका आजीबाईला आरसा थोडा खाली हवा होता. यांनी ड्रिल घेतलं, भिंतीच्या पॅनलला दोन भोकं पाडली, आरसा लावला. आजीबाईने गालावर थोपटलं. बाहेर येतात तर इव्होने त्यांच्या कपड्यांवरची पांढरी धूळ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

पुढच्या दहा मिनिटांत बोळ दोन्ही बाजूंनी बंद झाला. आजीबाईला फुलांचा गुच्छ देऊन, माफी मागून वरच्या मजल्यावर मोठी खोली दिली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे आणि तोंडाला मुखवटे घातलेली तीन माणसं आत गेली. कल्याणरावांना अंघोळ घालून त्यांचा शर्ट-पँट पिवळ्या पिशवीत बांधून टाकला. ती खोली नऊ दिवस बंद राहिली.

इव्हो रागावला नाही. त्याने पॅनलचा एक फुटका तुकडा पाण्यात भिजवून भिंगाखाली धरला. आत बारीक पांढरे तंतू होते, सरकीला चिकटून राहतात तसे. त्याने सांगितलं की हे अ‍ॅसबेस्टॉस, आग लागू नये म्हणून त्या काळी भिंतीत घालत. भिंत शाबूत आहे तोवर काही नाही. कापली की ही धूळ छातीत जाते, तिथून निघत नाही आणि वीस-तीस वर्षांनी माणूस मारते. म्हणून अशा प्रत्येक पॅनलच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर लाल ठिपका होता. लाल ठिपक्याला खिळा मारायचा तर तीन साहेबांच्या सह्या, भिंत ओली करायची, मुखवटा घालायचा. दर वर्षी ठिपके नव्याने रंगवायचं काम त्या दिवसापासून कल्याणरावांकडे आलं.

गोऱ्या आजीबाईच्या खोलीत दोन भोकं पडली तर नऊ दिवस खोली बंद. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण माझा सगळा संताप या नऊ दिवसांपाशी येऊन अडकतो.

जहाज म्हातारं होत गेलं तसे मालक बदलले. दुसऱ्या मालकाने मुखवटे कमी केले. तिसऱ्याने सह्याच बंद केल्या. इव्हो घरी गेला. कल्याणराव मात्र दर वर्षी ठिपके रंगवत राहिले. शेवटची दोन वर्षं कंपनीने लाल रंग दिला नाही तर त्यांनी तो स्वतः विकत घेतला.

मग कोरोना आला. प्रवासी उतरले आणि जहाज एका परक्या बंदरात दहा महिने नुसतं उभं राहिलं. साठ माणसं वर, त्यांत हे. शेवटी कळलं की ऑरेलिया भंगारात विकली, गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला जाणार.

निघण्याआधी दोन तपासनीस आले. जहाजात धोक्याचं काही आहे का, ते पाहून दाखला द्यायचा होता. कल्याणरावांना किल्ल्या घेऊन त्यांच्याबरोबर दिलं. त्यांनी नाचाच्या हॉलमध्ये फोटो काढले, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. कल्याणराव म्हणाले, खाली चला, लाल ठिपके दाखवतो. एकाने घड्याळ पाहिलं. ते सहाव्या मजल्यावर उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला, नावातली इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं रंगाने बुजवा. जुन्या मालकाचं नाव भंगाराच्या कागदात दिसायला नको म्हणून. हे कामही सुतारालाच. दोरीने फळीवर लोंबकळत कल्याणरावांनी ती अक्षरं बुजवली आणि ऑरेलियाची 'रेलिया' झाली. मागे एका लहानशा बेटाचा झेंडा लावला. त्या बेटावर या जहाजावरचं कुणी कधी उतरलं नव्हतं.

"बाबूजी, चोवीस वर्षांत मला लाज वाटली असं ते एकच काम," ते मला म्हणाले. "अन् ते बी मी सफाईनं केलं."

२०२१ च्या फेब्रुवारीत मोठ्या भरतीच्या दिवशी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घातलं. जन्मभर ज्याला जमिनीपासून जपलं, ते जमिनीवर आपटायचं. जेवणघरातली काचेची झुंबरं एकावर एक आदळली. मग इंजिन बंद झालं. जहाजाची घरघर बंद झालेली कल्याणरावांनी कधी ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली. दोरीच्या शिडीवरून चिखलात उतरले तर समोर तोडणारी माणसं उभी, पायांत साध्या चपला. कल्याणरावांनी त्यांच्या मुकादमाला हिंदीत लाल ठिपक्यांचं सांगितलं. तो थकलेला माणूस होता. म्हणाला, "चाचा, यहाँ तो सब लाल ही है."

कल्याणराव परतूरला आले. दारं-खिडक्यांची कामं करू लागले. इथवरचं मी ऐकलेलं. पुढचं मी पाहिलेलं आहे.

२०२४ च्या मे महिन्यात त्यांचे मेहुणे तातेराव यांचा फोन आला. तातेराव म्हणजे कल्याणरावांच्या पत्नी दैवशालाबाई यांचे भाऊ, जालन्यात सुतारकामाचे ठेकेदार, स्वभावाने चेष्टेखोर. पारसशेठ म्हणून जालन्यातले जुने व्यापारी आहेत, त्यांच्या ट्रस्टने मंठा, घनसावंगीकडच्या खेड्यांतल्या मुलींसाठी तिथेच वसतिगृह बांधलं होतं. चाळीस मुली, पंधरा जूनला राहायला येणार. मोठ्या हॉलमध्ये पार्टिशन टाकून खोल्या करायच्या होत्या.

"दाजी, तुमच्या दुसऱ्या सासरचं सामान आलंय," तातेराव फोनवर म्हणाले. "जहाजाचे पॅनल! बहात्तर नग, एकदम मजबूत. येऊन बघा तरी, ओळखीचे निघतील."

कल्याणराव मला म्हणाले, चला बाबूजी, जहाजाचा तुकडा दाखवतो. आम्ही सकाळच्या गाडीने हौसेने गेलो.

हॉलच्या दारात पोचलो आणि कल्याणरावांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. आत तीन कारागीर ग्राइंडरने पॅनल कापत होते. हॉलभर पांढरा धुरळा. त्यांच्या भुवया, मिशा, डब्यातल्या पोळ्यासुद्धा पांढऱ्या. फिकट पिवळे पॅनल भिंतीला टेकून उभे, आणि प्रत्येकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर लाल ठिपका.

"बंद करा! बंद करा ते!" कल्याणराव ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा पाहिलं.

तातेराव हसत पुढे आले. "या दाजी. बघितलं का? ज्यानं माल पाठवला तो बी धर्माचा माणूस दिसतो. एकूण एक पॅनलला कुंकू लावून पाठवलंय. आम्ही बी मंग त्याच्यावरच हळद लावून, नारळ फोडून काम धरलं."

खरंच लाल ठिपक्यांवर हळदीची बोटं होती. खाली नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या.

"तातेराव, ते कुंकू न्हाई. तो मी दिलेला रंग हाय."

"तुम्ही?"

"मी. चोवीस वर्षं. तो धोक्याचा ठिपका हाय. ह्याच्यात इख हाय."

कारागीर एकमेकांकडे पाहायला लागले. कल्याणरावांनी धुळीचं, छातीचं, तीस वर्षांचं सगळं सांगितलं. तातेरावांनी शांतपणे ऐकलं आणि खांद्यावरचा धुरळा झटकला. "दाजी, गोऱ्यांच्या संगतीनं तुम्ही नाजूक झाले. आपण भुसा खाऊनच मोठं झालो. तीस वर्षांनी म्हणता? तीस वर्षांनी मी ऐंशीचा होईन. तव्हा मरायला कायतरी कारण तर लागंल." कारागीर हसले. काम पुन्हा सुरू झालं.

आम्ही पारसशेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नाही. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, फाइल काढली. "कल्याणभाऊ, मी बिनाकागदाचा माल घेत नाही. हे बघा सर्टिफिकेट." मला इंग्रजी वाचता येतं म्हणून कागद माझ्या हातात दिला. जहाज रेलिया, बांधणी १९७९, धोकादायक पदार्थ निरंक.

"हे देणारे चहा पिऊन गेले, शेठ. मी किल्ल्या घेऊन मागं हिंडून राह्यलो होतो."

"तुमचं जहाज तर ऑरेलिया. हे रेलिया."

"ती दोन अक्षरं मीच पुसली!"

शेठच्या चेहऱ्यावर दया आली, आणि ती मला लागली. कल्याणरावांनी पिशवीतून आपलं खलाशाचं पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक फेरीला जहाजाचा सात आकडी नंबर होता. नाव बदललं, मालक बदलला तरी जहाजाचा हा नंबर बदलत नाही. मी जन्मभर वॅगनचे नंबर ताडून पाहिले आहेत. सर्टिफिकेट आणि पुस्तक शेजारी ठेवून एक एक आकडा बोटाने दाखवला. सातही आकडे जुळले.

शेठनी पुन्हा एकदा आकडे ताडून पाहिले. मग म्हणाले, "जहाज तेच, मानलं. पण कागदावर निरंक आहे. उद्या मी काम थांबवलं तर ट्रस्टी विचारतील, एका सुताराच्या बोलण्यावर? तुम्ही सरकारी माणसाकडून लिहून आणा. मी लगेच थांबवतो."

त्या सरकारी माणसासाठी आम्ही आठ दिवस फिरलो. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. शेवटी एका साहेबांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, आपल्याकडे छपराला सिमेंटचे पत्रे असतात ना? त्यातही हेच असतं. त्याच्यावर बंदी नाही. मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?"

कल्याणराव म्हणाले, "साहेब, गोऱ्यांच्या आजीबाईला दोन भोकांपायी खोलीतून उठवलं. इथं चाळीस पोरी झोपणार हायेत. त्या पोरी खिळे ठोकतील, दप्तरं टांगतील, टाइमटेबल चिकटवतील."

"मी समजू शकतो," साहेब म्हणाले, आणि बेल वाजवली.

समजू शकतो! मी परतीच्या गाडीत हाच शब्द चावत बसलो. एकच भिंत. तिकडे तिच्यासाठी तीन सह्या, मुखवटे, पिवळ्या पिशव्या. इकडे आली की त्याच भिंतीला निरंक. भिंत बदलली नव्हती, तिच्याजवळ झोपणारी माणसं बदलली होती. कल्याणराव खिडकीबाहेर पाहत होते. एवढंच म्हणाले, "पंधरा जून."

सहा जूनला अमावस्या होती. आमच्याकडचे सुतार, लोहार, गवंडी अमावस्येला हत्याराला हात लावत नाहीत. पांचाळांच्या घरात तर पेटीसुद्धा उघडत नाहीत. कल्याणराव जहाजावरही पाळायचे. इव्हो त्यांना त्या दिवशी फक्त ब्रशचं काम द्यायचा आणि साहेबांनी विचारलं तर "आज याचा चंद्र सुट्टीवर आहे" म्हणून सांगायचा. तातेरावांचे कारागीरही त्या दिवशी घरी होते. हॉल रिकामा.

पहाटे कल्याणरावांनी पेटी उचलली. दैवशालाबाई दारात आडव्या आल्या.

"आज पेटी बाहेर न्यायची न्हाई."

"जाऊ दे."

"तुमच्या बापानं पाळलं, आज्यानं पाळलं. समिंदरावर बी पाळलं."

"त्यांच्यापुढं चाळीस पोरी नव्हत्या," कल्याणराव म्हणाले. पेटीला हात जोडले, माफी मागितली आणि गेले. दैवशालाबाईंनी लगेच भावाला फोन केला. रडत एवढंच सांगितलं की तुझे दाजी अमावस्येला पेटी घेऊन वसतिगृहावर गेले.

दैवशालाबाईंकडून कळल्यावर मी दुपारच्या गाडीने पोचलो तेव्हा कल्याणराव हॉलमध्ये एकटे होते. तोंडाला मुखवटा, अंगावर प्लास्टिक. पॅनल ओला करायचा, जोडपट्टीचे स्क्रू काढायचे, अख्खा पॅनल सरकवून बाहेर घ्यायचा, ओल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. न कापता, न ठोकता. तसं काढणं त्यांनाच येत होतं. मला त्यांनी हाताने दारातच थांबवलं.

दारात आधीच तातेराव उभे होते. भांडायला आले असणार. पण ते दाजींच्या हातातल्या पेचकसाकडे पाहत होते.

"दाजी, आज अमावस्या हाय," ते शेवटी हळूच म्हणाले.

"माहीत हाय."

"चोवीस वर्षं समिंदरात पाळली तुम्ही."

"हां."

तातेराव खाली बसले. मुखवट्याचं, कागदाचं, नंबराचं त्यांना पटलं नव्हतं. पण कल्याण पांचाळ अमावस्येला हत्यार धरतात म्हणजे आत काय असेल, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "दाजी, मंग आमी नऊ पॅनल कापले, त्याचं काय?"

कल्याणरावांचा हात थांबला. "ते कुणालाच सांगता येत न्हाई, तातेराव. बिडी सोडा. डॉक्टरकडं जाऊन छाती दाखवा. पोरांना बी न्या."

तातेराव उठले, अंगातला शर्ट काढून बाहेरच्या बादलीत बुडवला आणि दिवसभर पाणी भरून दारापर्यंत आणत राहिले. एकही चेष्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पारसशेठना सांगितलं, मी हे काम करणार नाही, माझी माणसंही करणार नाहीत. आपला ठेकेदारच नाही म्हणतो म्हटल्यावर शेठ स्वतः आले. गुंडाळलेल्या पॅनलांची रांग पाहिली आणि टोपी काढून विचारलं, "कल्याणभाऊ, किती दिवस लागतील?"

तीन दिवस लागले. हॉल चार वेळा ओल्या फडक्याने पुसला. कापलेले तुकडे ओल्या पोत्यांत भरले. साध्या विटांच्या भिंती घालून घेतल्या. मुली तीन आठवडे उशिरा आल्या, पण जहाजाच्या भिंतींत आल्या नाहीत.

पारसशेठनी माल विकणाऱ्याला फोन केला. तो बिलकुल भांडला नाही. "परत पाठवा, दुसरा माल देतो, याला गिऱ्हाईक भरपूर आहे," म्हणाला. शेठ खूश झाले. कल्याणराव म्हणाले, पाठवायचे नाहीत.

"अहो, तो फुकट बदलून देऊन राह्यला!"

"अन् हे दुसऱ्या गावच्या शाळंत बसतील, शेठ."

"मग मी यांची काय पूजा करू?"

"कुलूप लावा."

शेठ चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, मग मागच्या गोडाऊनला कुलूप लावून किल्ली कल्याणरावांकडे दिली. हे पॅनल कुणीतरी नीट नेऊन कायमचे गाडून टाकावेत म्हणून मी तीन अर्ज लिहिले. एकाचं उत्तर आलं की सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. माझंच अर्जाचं मराठी कच्चं असेल असं मला वाटलं. आता वाटत नाही. प्लास्टिक फाटलं का पाहायला कल्याणराव महिन्यातून एकदा जातात, कधी मीही जातो.

परवा असेच गेलो होतो तर फाटकाशी एक टेम्पो येऊन थांबला. गुजरातच्या भावनगरहून जहाजांचा माल आणून विकणारा माणूस, गोड बोलणारा.

"काका, मागं जहाजाचं मटेरियल पडून हाय म्हणं. देऊन टाका. तुमची जागा बी मोकळी होईल."

"कुठं लावणार?" कल्याणरावांनी विचारलं.

"मंगल कार्यालयाच्या खोल्यांला. एक नंबर माल असतो काका, आग लागत न्हाई, वाळवी लागत न्हाई. आपण लई ठिकाणी दिलाय."

मला वाटलं कल्याणराव आता त्याला हाकलतील. त्यांनी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि अर्धा तास सगळं सांगितलं, आजीबाईच्या नऊ दिवसांपासून. तो माणूस आधी हसत होता. मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, मग टेम्पोच्या हौद्याकडे. शेवटी विचारलं, "असे किती असतील, काका?"

"एका जहाजात चार हजारांच्या वर. बहात्तर इथं हायेत. बाकीच्यातले तू कुठं कुठं उतरवले ते आता सांग."

"आठवत न्हाई बराबर."

"आठव. मला घाई न्हाई."

तो बोटांवर मोजू लागला. मग त्याने एका गावाचं नाव घेतलं, आणि तिथल्या दवाखान्याचं. कल्याणरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पेन काढलं आणि लिहायला घेतलं.